बाई टीव्हीवर लिहितात

चिंचकोळीच्या जिल्हा परिषद शाळेत रेणुका सोनकांबळे बाईंचा वर्ग कोणता, हे नव्या माणसालाही विचारावं लागत नसे. आवाजावरून कळायचं. बाई मराठीचा धडा वाचायला लागल्या की शेजारच्या वर्गातली पोरंही हातातलं काम टाकून कान द्यायची. मुख्याध्यापक भागवत पवळे सर हाडाचे गणितवाले, पण बाईंचा तास असला की ऑफिसचं दार उघडं ठेवून बसत.

तो आवाज उन्हाळ्याच्या सुट्टीत गेला. बाईंच्या गळ्यात थायरॉइडची गाठ होती. लातूरला ऑपरेशन झालं, गाठ निघाली, साधीच निघाली. मात्र आवाजाच्या नसेला धक्का बसला. असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आवाज परत येईल किंवा येणारही नाही, वर्षभर वाट बघावी लागेल, असं म्हणून त्यांनी बाईंना घरी सोडलं. ऑगस्टात बाई रुजू व्हायला आल्या, सरांपुढं हात जोडून नमस्कार म्हणाल्या, तर तोंडातून नुसती हवा आली.

सरांनी सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं.

"बाई, तुम्ही निवांत ऑफिसात बसा," ते म्हणाले. "ऑनलाइन माहिती भरायचं काम लई साचलंय. सहावी मी आन् सटवाजी सर वाटून घेतो."

बाईंनी पर्समधून फोन काढला, भराभरा टाइप केलं आणि सरांपुढं धरला. 'माहिती कुणीही भरेल सर. सहावी माझी आहे. मला पंधरा दिवस द्या.'

सरांनी ते दोनदा वाचलं. वर्गात फोन म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. पण या बाईला तोंडावर नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. "बरं," ते म्हणाले.

पहिल्या दिवशी सर व्हरांड्यात उभेच होते. बाईंनी धडा फोनमध्ये टाइप करून आणला होता आणि फोनच तो वाचून दाखवत होता. यंत्रातली ती बाई सारखी एकाच चालीत बोलायची, पूर्णविरामाला दम खायची नाही, दुःखाचं वाक्यसुद्धा गाडी येण्याची सूचना दिल्यासारखी म्हणायची. दोन मिनिटांत वर्गात खसखस पिकली. हणमंतरावांचा भुजंग तर नाक दाबून तिची नक्कलच करायला लागला. बाईंनी फोन बंद केला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. सरांना वाटलं, झालं, उद्यापासून बाई ऑफिसात.

दुसऱ्या दिवशी सर आले तर वर्गातल्या टीव्हीवरची चादर काढलेली. गावानं वर्गणी करून दिलेला तो मोठा टीव्ही उद्घाटनानंतर झाकूनच होता. बाईंनी फोनचा पडदा त्यावर आणला होता. त्या टाइप करतील तसं एकेक अक्षर टीव्हीवर उमटत होतं, आणि सत्तावीस पोरं मान वर करून बघत होती.

'महादेवी, आज तुझ्या वेणीत कोणतं फूल आहे?'

सगळा वर्ग महादेवीकडं वळला. महादेवी एकटीच इकडंतिकडं बघत राहिली. सगळे आपल्याकडं का बघून राहिले, हे तिला कळेना.

"शेवंती!" मागून भुजंग ओरडला.

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मग त्या महादेवीजवळ जाऊन बसल्या, तेच वाक्य वहीत लिहून पुढं केलं, पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. पोरीनं अक्षरं ओळखली, शब्द काही जुळला नाही.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी सरांना जे लिहून दाखवलं, ते सरांच्या मनात बरेच दिवस घोळत राहिलं. 'सर, वर्गातल्या नऊ मुलांना वाचता येत नाही. महादेवी गेल्या वर्षी पाचवीत माझ्या तासाला पूर्ण धडा घडाघडा म्हणायची. मी वाचलेलं ऐकून पाठ करत होती ती. माझ्या आवाजामुळं मला हे दिसलंच नाही.'

महादेवीचे आईबाप देगलूरकडचे, घरात कानडी. बाप गावात ट्रॅक्टर चालवायचा. पोरगी हुशार म्हणून सगळ्यांनी धरून चाललेलं.

त्यानंतर बाईंनी जे चालवलं, तसं सरांनी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं. रोज संध्याकाळी बाई प्रत्येक पोराच्या घरच्या फोनवर चार ओळींची चिठ्ठी पाठवायच्या. ज्याची त्याची वेगळी. कुणाच्या म्हशीबद्दल, कुणाच्या भावाच्या नव्या सायकलीबद्दल. पोरानं ती मोठ्यानं वाचायची, आवाज भरायचा आणि उलट पाठवायचा. बाई ते सत्तावीस आवाज एकेक करून ऐकत. कोण कुठं अडखळलं, ते वहीत टिपून ठेवत, आणि दुसऱ्या दिवशीच्या चिठ्ठीत नेमकी तीच अक्षरं पुन्हा घालत. महादेवी जोडाक्षरावर अडायची, तर तिच्या चिठ्ठीत 'म्हातारी', 'कुऱ्हाड', 'उन्हाळा' असं काहीबाही हमखास यायचं. महादेवीच्या बापाचा फोन दिवसभर त्याच्याबरोबर शिवारात असायचा. तो घरी येईपर्यंत पोरगी दारात उभी राहायची.

वर्गात लाइट गेली की बाई फळ्यावर लिहायच्या, लाइट आली की पुन्हा टीव्ही. पंधरा दिवसांची मुदत कधी सरली, हे दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

सरांना मात्र एक गोष्ट सुचली. कोरोनाच्या वर्षी शाळा बंद होती, तेव्हा बाई रोज एक धडा आपल्या आवाजात रेकॉर्ड करून पालकांना पाठवायच्या. सरांनी आठवडाभर गावात फिरून, कुणाच्या जुन्या फोनमधून, कुणाच्या ग्रुपवरून असे एकोणीस धडे गोळा केले आणि पेनड्राइव्हमध्ये घालून बाईंच्या हातावर ठेवले.

"घ्या बाई. तुमचा आवाज."

बाईंनी एक धडा लावला. ऑफिसात तोच जुना, भरलेला आवाज घुमला. सरांनी मान खाली घातली. बाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग डोळे पुसून लिहिलं, 'छान होता हो सर. शनिवारी गोष्टीच्या तासाला लावीन. रोज नाही. रोज लावला तर पोरं पुन्हा नुसती ऐकत बसतील.'

सरांना आधी थोडं लागलं. घरी जाताना मोटारसायकलवर विचार करता करता ते लागणं विरघळलं आणि मनात नुसता आदर राहिला. स्वतःचा एवढा देखणा आवाज बाजूला ठेवायचा, तोही पोरांसाठी. आपल्याला जमलं असतं का हे?

दिवाळीनंतर भुजंगचे वडील हणमंतराव ऑफिसात आले.

"गुरुजी, बाई चांगल्या हायत, मी कुठं न्हाई म्हणतो? पण बोलल्याबिगर शिकवायचं कसं? पोराला नायगावच्या शाळंत टाकावं म्हणून राहिलो."

सर भांडले नाहीत. "दाखला देतो," म्हणाले. "पण आधी अर्धा घंटा वर्गात बसा."

दोघं दारात गेले. बाईंनी बघितलं, हसल्या आणि टाइप केलं, 'भुजंगच्या बाबांना खुर्ची कोण आणून देईल?'

वाक्य पुरं व्हायच्या आत चार पोरं उठून पळाली. दोन खुर्च्या आल्या, एक स्टूल आलं. हणमंतराव ओशाळून बसले. गेल्या वर्षी नुसती ऐकत बसणारी पोरं आता टीव्हीवरून नजर हलवत नव्हती, कारण पुढचं वाक्य कुणाला उद्देशून असेल ते सांगता येत नव्हतं. मग बाईंनी महादेवीपुढं वर्तमानपत्र धरलं. सोयाबीनच्या भावाची बातमी होती. महादेवी उठली. ओळीवर बोट ठेवून, 'बाजार समिती'पाशी थांबत, 'क्विंटल'शी दोनदा झटापट करत तिनं सगळी बातमी वाचली.

हणमंतराव सरांकडं वाकले. "ही ट्रॅक्टरवाल्याची ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"हाव," सर म्हणाले. "दाखला लिहू का?"

"ऱ्हाऊ द्या गुरुजी."

जानेवारीत बाई तपासणीसाठी लातूरला गेल्या आणि सहावी एक दिवस सरांकडं आली. सरांनी आपल्या खड्या आवाजात अपूर्णांक समजावायला सुरुवात केली. पोरं चुळबुळायला लागली.

"सर, लिहा ना," भुजंग म्हणाला.

"कानं हायत ना तुम्हाला?"

"हायत सर. पण लिहा ना."

सरांनी फोन टीव्हीला जोडून घेतला, चष्मा वर सरकवला आणि एका बोटानं ठोकत ठोकत लिहिलं, 'आज आपण अपूर्णांग शिकू.'

महादेवीचा हात वर. "सर, शेवटी 'क' पायजे. 'ग' न्हाई."

सरांनी बघितलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. तेवढ्यात फोन वाजला आणि टीव्हीच्या वरच्या कडेला बाईंचा निरोप उमटला. सर चष्मा सावरेपर्यंत अख्ख्या वर्गानं तो मोठ्यानं वाचूनही टाकला:

"सर, डॉक्टर म्हणाले, आवाज थोडा थोडा येतोय. उद्या येते. सहावीनं गोंधळ तर घातला नाही ना?"

"न्हाई बाई!" सत्तावीस पोरं टीव्हीकडं बघून एकदम ओरडली. सरांनी हसत हसत फोनवर बोट दाबून धरलं आणि तो सगळा गलका भरून तसाच लातूरला पाठवून दिला.