माठाच्या पोटातला पाहुणा

मित्रांनो, मी एक जुना, काठ उडालेला माठ आहे. खाडीकाठच्या खारफुटीत, चिखलात आडवा पडून तुमच्याशी बोलतो आहे.

कुंभाराने मला चाकावर चढवले, थापटून पोट गोल केले आणि भट्टीत भाजले. पुढे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात माझी वर्षे सुखात गेली. "पाणी प्यावं तर या माठातलं!" असे पाहुणे म्हणत आणि मी मनातल्या मनात फुगत असे. एकदा नळाला आपटून काठ उडाला. तेव्हापासून परसात पडून राहिलो. पोटात कोळ्यांनी संसार थाटला. देवाने ही पोकळी दिली, ती कुणाच्या तरी कामी येईलच, असे म्हणत मी दिवस काढले.

मग घरातल्या ताईने आणि तिच्या धाकट्या भावाने, एकही झाड न तोडता, खारफुटीत जाळीचे कुंपण घालून खेकड्यांची पिल्ले सोडली. खेकड्यांना आडोसा हवा, म्हणून ताईने मला इथे आणले. पहिलेच वर्ष; घराची सारी भिस्त त्या पिल्लांवर.

आज सकाळी भाऊ खाणे टाकायला आला आणि ओरडलाच, "ताई, घात झाला! खेकडे मेले गं!"

चिखलावर जागोजागी खेकडे निपचित पडले होते. भाऊ चुन्याचे पोते ओढत आला. "रोग पडलाय. चुना टाकून सगळी जागा साफ करतो. आता पुढच्या वर्षी बघू."

माझा जीव खालीवर झाला. पहाटेच एक खेकडा जुने कवच माझ्या तोंडाशी टाकून आत शिरला होता. अंग लोण्यासारखे मऊ. चुन्याने तो होरपळलाच असता. पण मातीला वाचा कुठली?

"पोतं फोडू नकोस," ताई म्हणाली. "कशानं मेले ते बघू तरी दे." तिने माझ्या तोंडाशी पडलेला 'मेलेला' खेकडा उचलला. रिकाम्या डबीसारखा हलका! "अरे, आत काहीच नाही!"

"कुणीतरी खाल्लं असेल."

"खाऊन कवच धुऊनपुसून ठेवलं होय रे, खुळ्या?"

तिने माझ्या पोटात हात घातला.

"ताई, बोट जाईल!"

खेकड्याने नांगी लावली खरी, पण ती उकडलेल्या शेंगेसारखी मऊ. ताई हसू लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "जिवंत आहे रे! कात टाकलीय यानं. आणि आधीपेक्षा मोठा झालाय! बाहेर पडलीत ती नुसती कवचं!"

"म्हणजे मी जित्याजागत्यांसाठी गळा काढला?" भाऊ मटकन पोत्यावरच बसला.

मित्रांनो, कात टाकलेल्या खेकड्याला त्याचीच भावंडे खायला टपलेली असतात. वाढणारा प्रत्येक जीव असा थोडा काळ मऊ असतो. तुमच्या घरीदारी कुणी गप्प होऊन कोपऱ्यात बसले, तर त्याला ढोसू नका, आडोसा द्या. माझा पाहुणा अजून आतच आहे. त्याचे अंग टणक होईपर्यंत मीही जरा हळूच बोलतो.