बाबांचा ट्रे

दातांच्या डॉक्टरने गाडीच्या पोटात हात घालू नये, असं माझं पहिल्या दिवसापासून म्हणणं होतं. पण घरात माझं ऐकतो कोण? नवऱ्याने ती जुनी, लाल, दोघांपुरती जर्मन गाडी आणली आणि जाहीर केलं, की हिला दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही. गॅरेजवाले धसमुसळे असतात म्हणे. झालं. क्लिनिक बंद असलं की हा निळा डगला चढवून गाडीखाली. सासरे तिला धाकटी सून म्हणायचे. "थोरली बोलते फार, धाकटी नुसती गुरगुरते," असं म्हणून स्वतःच हसायचे.

बाबांची उभी हयात इस्पितळात गेली. ऑपरेशनची हत्यारं धुवायची, उकळायची, पुसून ट्रेमध्ये मांडायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर मुलाच्या क्लिनिकमध्ये तेच सुरू केलं, आणि मग गाडीच्या पान्यांनाही तीच शिस्त लावली. बाबांनी ट्रेमध्ये ठेवलंय म्हणजे ते वापरायला तयार. नवरा बघतसुद्धा नाही, नुसता हात लांब करतो आणि उचलतो. बापलेकांच्या या विश्वासाचं मला फार कौतुक होतं.

त्या रविवारी पुढच्या ब्रेकचं काम होतं. ब्रेकचा जो जबडा चाकाच्या आत बसतो, तो प्रत्येक बाजूला दोन बोल्टांवर धरलेला असतो. हे बोल्ट एकदाच वापरायचे. कसताना ते ताणले जातात, आणि त्यांच्या आट्यांवर लावलेला निळा डिंक त्यांना धरून ठेवतो. काढून परत बसवले तर हादऱ्याने सुटतात. मला हे सगळं कसं ठाऊक? जेवताना हा माणूस दुसरं काही बोलतच नाही.

डावं चाक झालं. उजव्याचे जुने बोल्ट काढून हा चहाला आत आला. दोन कप रिचवून परत गेला, उजवं चाक उरकलं, हात धुतले आणि लेकीला हाक मारली. नवे ब्रेक रुळवायचे असतात. मोकळ्या रस्त्यावर गाडी जोरात पळवायची, करकचून ब्रेक दाबायचा, पुन्हा पळवायची, पुन्हा दाबायचा. बंद पडलेल्या गिरणीमागचा रस्ता त्यासाठी ठरलेला. लेकीला हा खेळ भारी आवडतो. पोटात गुदगुल्या होतात, म्हणते.

ते गेल्यावर मी फडकी बदलायला गॅरेजमध्ये गेले. बाबा शीळ घालत पाने पुसत होते. धुतलेली फडकी ठेवायला खण ओढला, तर आत एक पारदर्शक पाकीट. न फोडलेलं. आत दोन बोल्ट, आट्यांवर निळा डिंक.

"बाबा, हे काय?"

"नवे आहेत ते. धूळ बसेल म्हणून आत ठेवले."

"मग उजव्या चाकाला त्याने काय लावलं?"

"ट्रेमध्ये ठेवले होते की मी दोन. काय माखले होते, बाई! रॉकेलमध्ये बुडवले, तारेच्या ब्रशने घासले. कसला डिंक बसला होता, तोही सगळा काढला."

मी पाकीट त्यांच्यापुढे धरलं. बाबांची शीळ बंद पडली. त्यांनी एकदा पाकिटाकडे बघितलं, एकदा रिकाम्या ट्रेकडे, आणि हातातला पाना खाली ठेवला.

मी नवऱ्याला फोन लावला. तो माझ्या शेजारच्या फळीवरच वाजला. हात तेलकट होतात म्हणून तिथे ठेवतो आणि दर वेळी तिथेच विसरतो. या माणसाला मी किती वेळा सांगितलं असेल!

स्कूटर काढली. बाबा मागे बसले, एका हाताने माझा खांदा आणि दुसऱ्यात पाकीट. वाटेत माझ्या डोक्यात एकच होतं. ब्रेकचा जबडा सुटून चाकात अडकला तर गाडी कुठे फेकली जाईल, आणि माझी पोर कुठल्या बाजूला बसली असेल. उजवीकडे चालवणारा, डावीकडे ती. म्हणजे काय, डावीकडे काही लागणार नाही? असल्या वेळी माणूस काहीही हिशोब करतो.

गिरणीमागे पोचलो. रस्त्यावर ब्रेकचे काळे पट्टे उमटले होते. दूरच्या टोकाला गाडी तोंड वळवून उभी होती. आम्ही थांबतो न थांबतो तोच ती गुरगुरली आणि सुटली.

बाबा उतरले आणि थेट रस्त्याच्या मधोमध गेले. दोन्ही हात वर. "थांब! थांब रे!"

मीही ओरडणार होते. तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. म्हातारा बाप समोर दिसल्यावर तो काय करणार? होता नव्हता तो जोर लावून ब्रेक दाबणार. जे टाळायला धावत आलो, तेच आम्ही त्याच्याकडून करून घेत होतो.

मी बाबांची कॉलर धरली आणि त्यांना फरफटत कडेला ओढलं.

"सोड मला! त्याला थांबवायला हवं!"

"थांबवायचं नाही, बाबा! हळू करायचं! हात खाली घ्या. हसा."

"काय?"

"हसा म्हणते ना!"

आणि मी कडेला उभी राहून हसले. विसरलेला डबा द्यायला आल्यासारखा हात हलवला. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

त्याने आम्हाला बघितलं. गाडीचा आवाज उतरला. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला त्याने. ब्रेक न लावता लाल गाडी आमच्या समोरून गेली, काचेतून लेकीने हात हलवला, आणि पुढच्या चढावर ती आपोआप मंदावत थांबली. मी धावले.

उजव्या चाकाच्या आऱ्यांमधून बघितलं. ब्रेकचा जबडा वाकडा झाला होता. एका बोल्टाची जागा रिकामी होती.

नवरा हसत उतरला. "काय गं, एवढी काय घाई?" मग मी बघत होते तिकडे तो वाकला. आऱ्यांमधून हात घातला आणि दुसऱ्या बोल्टाला बोट लावलं. दोन वेढ्यांत तो त्याच्या तळहातावर आला. लख्ख, चकचकीत. नवरा तिथेच रस्त्यावर बसला.

लेकीने काच खाली केली. "काय गं आई, मध्येच आलीस! शेवटचा ब्रेक राहिला ना! पप्पा म्हणाले, सगळ्यात जोरात तोच."

बाबा पोचले. एक चप्पल मागेच कुठेतरी राहिली होती. नवऱ्याने तळहात त्यांच्यापुढे केला. त्यांनी बोल्ट उचलला, खिशातून रुमाल काढला आणि पुसायला लागले. मी त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले, तरी त्यांची बोटं पुसतच राहिली.