शेणलां

"ताई, एकच शब्द. बाकी गाणं सोनं आहे," अमोल काचेपलीकडून म्हणाला. "पण 'शेणलां' म्हटलं की आमच्याकडे लोकांना शेण आठवतं. त्याऐवजी 'हरवलं' करा ना."

सुमंगलाने हेडफोन मागे सारले. पेडण्याच्या बाजारात, औषधांच्या दुकानावरच्या माडीवर गौरेशचा हा स्टुडिओ. दोन खोल्या, मध्ये काच, आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या जुन्या गोधड्या. अमोल पुण्याहून आला होता, एका बड्या म्युझिक कंपनीकडून. तिने लिहिलेलं, तिनेच चाल लावलेलं गाणं साऱ्या महाराष्ट्रात जाणार होतं, तेही तिच्या नावानिशी. हे 'नावानिशी' महत्त्वाचं. वीस वर्षं तिची गाणी म्हापशाच्या बसमध्ये, लग्नांच्या डीजेवर, शाळांच्या गॅदरिंगमध्ये वाजत आली होती. ही बाई कोण, असं विचारायची गरज कुणाला पडली नव्हती.

"हरवलां म्हणजे कोणीतरी हरवलां," ती म्हणाली. "मागीर तो सोदता. पण पाडो शेणता तो कसो? घरात सगळी आसतात, गोठ्याचां दार उगडां आसता, आणि पाडो दिसना. सोदूक पण कोण वचत नाय."

अमोलने मान डोलावली, पण हरवलेलं कुणीतरी शोधतं, शेणलेल्या वासराला कुणीच शोधत नाही, हा फरक त्याच्या डोक्यात उतरला नव्हता.

गाणं होतं तांदळात लिहिलेल्या नावाचं. लाटंबार्शाची धाकू बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन पेडण्याची सुमंगला झाली. रिवाजाप्रमाणे नवऱ्याने, कृष्णनाथने, ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं. घाईत 'सू' दीर्घ काढला. भटजींनी तो पुसून ऱ्हस्व करायला लावला आणि अख्खा मांडव पोट धरून हसला. नाव आवडलं का, हे नवरीला विचारायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. चौथ्या दिवशी सासूने तेच तांदूळ पेजेला लावले, आणि पेज धाकूनेच वाढली.

तांदळात बरयलां नाव माजां, पेजेत शिजान शेणलां गो.

कृष्णनाथ पेटी पुढ्यात घेऊन बसला होता. तिच्या प्रत्येक कार्यक्रमाला पेटी त्याचीच. "अगो, एका शब्दाखातीर कित्याक अडून बसतंस?" तो पेटीकडेच बघत म्हणाला. "इतकी वर्सां वाट बघलंस मगे."

त्याचंही खोटं नव्हतं. तिने हेडफोन चढवले आणि 'हरवलं' म्हणून गाणं पुरं केलं. गौरेशने ते परत ऐकवलं. सूर चोख, आवाज गोड. पण गाणारी बाई भलतीच कुणीतरी होती, टीव्हीवर हवामान सांगणारी. सुमंगलाला राग आला, आणि राग आल्याचं बरंही वाटलं.

"गौरेश, पूस तां."

"वयनी, बरां जालां आसा."

"म्हणानच पूस."

अमोल उठून आत आला. "ताई, स्पष्ट सांगतो. हा शब्द राहिला तर कंपनी गाणं घेणार नाही. लोक हसतील."

"हसांदी. लग्नात पण हसलेले." तिचा आवाज चढला नाही. "एकदा नाव बदललां, तेव्हा माका कोणी विचारूक नाय. आता तुमी विचारतात, तर सांगतंय. नाका."

अमोल बॅग भरू लागला. पंचेचाळिसाव्या वर्षी दुसरी कंपनी पुण्याहून ही माडी चढून येणार नव्हती, एवढं तिला कळत होतं. कळत होतं म्हणूनच ती माईकपुढे ताठ उभी राहिली.

"धरा सूर," ती नवऱ्याला म्हणाली.

आणि गायली. गोडबीड काही नाही. लाटंबार्शात गावच्या मांडावर, धालोच्या नाचगाण्यात बायका छातीतून काढतात तो आवाज तिने लावला. 'शेणलां'वर ती अशी दाबून उभी राहिली की कृष्णनाथची बोटं अडखळली. हे गाणं त्याने घरी शंभरदा वाजवलं होतं, पण ताटावर अंगठी घेऊन वाकलेला माणूस आपणच, हे त्याला आज ऐकू आलं. अमोल एका पायात बूट घालून दारातच थांबला होता. गाणं संपल्यावर त्याने दुसरा बूट चढवला आणि जिना उतरून गेला.

गौरेशने गाणं पेन ड्राइव्हवर भरून पाकिटात घातलं. "वयनी, वयर नाव कितां घालूं?"

"धाकू," ती म्हणाली. "लाटंबार्शाची."

लिहायचं काम नेहमी कृष्णनाथचं. त्याने पाकीट पुढे ओढलं आणि गौरेशचं पेन घेऊन सावकाश, जपून एकेक अक्षर काढलं. धाकु. या खेपेला उकार ऱ्हस्व पडला.

कुणी हसलं नाही. तिने त्याच्या हातातलं पेन घेतलं, तो उकार खोडला आणि स्वतःच्या हाताने दीर्घ काढला.