दुसरी गॅस्केट

“बाबा, आज कंजुषी नाही ना केलीस?” शर्यतीच्या मोटरसायकलवर बसून हेल्मेटचा पट्टा आवळत मुलीने विचारलं.

“मोठा पिस्टन टाकलाय. हेड घासलंय. आता काय, माझं काळीज बसवू आत?”

“नको. ते भित्रं आहे तुझं.”

मिस्त्री हसला. हसताना खोटं बोलावं लागत नाही, तेवढी एक सोय असते.

पिस्टन खरंच मोठा होता. हेडही खरंच घासलं होतं. पण काल उघडलेलं इंजिन परत जोडता जोडता त्याने हेडखाली एकावर एक दोन गॅस्केटी बसवल्या होत्या. घासून कमावलेला सगळा जोर त्या दुसऱ्या पातळ पत्र्याने गिळला. आता हे इंजिन फुटणार नव्हतं, आणि पळणारही नव्हतं.

मिस्त्रीच्या हातचं इंजिन मालकाआधी मरत नाही, अशी ख्याती होती. एकदाच मेलं. धाकट्या भावाच्या हट्टापायी त्याने शर्यतीच्या गाडीत जोर ठासून भरला आणि ऐन उडीच्या तोंडावर पिस्टन अडकला. चाक जागीच थांबलं, भाऊ पुढे फेकला गेला. गाडी महिन्याभरात दुरुस्त झाली. भावाचा गुडघा अजून व्हायचा आहे.

तो भाऊ आज कुबडीवर रेलून दोरीपाशी उभा होता. पहिल्या येणाऱ्याला मोटरसायकल कंपनीच्या संघात जागा होती. पंचविशी उलटलेल्यांना संघ दारात उभं करत नसे, आणि पोरीची उलटायला आली होती. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

वळणावळणावर पोरीने सगळ्यांना मागे टाकलं. शेवटच्या लांब चढावर मात्र एक गाडी आली आणि वाट विचारल्यासारखी शेजारून निघून गेली.

“वळणावर वाघीण, आणि चढावर गाडीला दम लागतो?” भाऊ वळला. “दादा, काय केलंस तू?”

“टिकायला हवी ना.”

“कोण? गाडी की पोरगी?”

मिस्त्री चिंधीने हात पुसत राहिला.

“मला विचारायचंस तरी. पडण्याचं काय रे, ते गुडघ्यापुरतं असतं.”

पोरगी दुसरी आली. हेल्मेट काढलं, तर चिखलातून फक्त डोळे दिसत होते.

“इंजिन झकास होतं, बाबा. एकदा म्हणून अडखळलं नाही. मीच कमी पडले.”

“अगं, ऐक जरा...”

“समजूत नको काढूस. चढावर मी कच खाल्ली असणार. गाडी एवढी छान, मग मागे पडले कशी? तुझ्यावर गेलेय, दुसरं काय!” ती हसायला गेली, ते जमलं नाही. “संपलं एकदाचं. उद्यापासून दुकानात येते. मला काम शिकव.”

भावाने तोंड उघडलं. मिस्त्रीने त्याच्याकडे असं पाहिलं, की उभ्या जन्मात त्याने कुणाकडे काही मागितलं नव्हतं ते सगळं त्या नजरेत आलं. भावाने तोंड मिटलं आणि कुबडी टेकत तो टेम्पोत पुढच्या सीटवर जाऊन बसला.

सांगावं, तर बापाने घात केला. न सांगावं, तर ती स्वतःला भित्री म्हणत म्हातारी होणार. मिस्त्रीच्या ओठांपर्यंत शब्द आले, पण पोरगी तोवर गाडी घेऊन फळीवरून टेम्पोत चढवायला लागली होती. तो धावला.

“सोड, बाबा. एवढं तरी जमेल मला.”

त्याने हात काढून घेतला. मग तो खाली बसला आणि फळी सरकू नये म्हणून तिचं टोक दोन्ही हातांनी दाबून धरलं.