बेहड्यावरचा धनेश

डोंगरातल्या जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला कोंडून बसली होती. ढोलीचं तोंड लिंपलेलं, चोच निघेल एवढीच फट. आत पिल्लं. नर उंबरं आणून फटीतून भरवायचा. त्या रानात ही एकच जोडी उरली होती, म्हणून वनरक्षक काशिराम रोज लांबून पाहून जायचा.

एके दिवशी नर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मादीची चोच सारखी फटीतून बाहेर येत होती. झाडाखाली काशिरामला रिकामं काडतूस सापडलं आणि बाजूला रक्ताळलेलं लांब पीस.

त्याच्या मनात पहिलं नाव आलं शुक्राचं. पायथ्याच्या कातकरवाडीतला शुक्रा परवाच त्या वाटेने मध काढायला गेला होता. काशिरामने तडक जाऊन त्याची झोपडी उसकटली. गलोल निघाली, सुकी मासळी निघाली.

"बंदूक कुठं लपवलीस?"

"माज्याकडं कुठली बंदूक, साहेब?"

शुक्राची बायको सोमी फुटलेल्या मडक्याचे तुकडे गोळा करत म्हणाली, "रानात काय बी झालं का आमचंच दार दिसतं तुमाला."

"नजर ठेवीन," असं बजावून काशिराम घरी आला. ओटीवर त्याची आई गुणाबाई गुडघ्याला तेल चोळत होती. चरबीचा उग्र वास सुटला होता.

"कसलं तेल हाय, आये?"

"वैदूचं." तिने बाटली पदराखाली ओढली.

"वैदू कवा आलता?"

ती तेलाचे हात लुगड्याला पुसू लागली. काशिरामला एकदम आठवलं, परवा बहिणीचे यजमान प्रदीप मित्राची जीप घेऊन येऊन गेले होते, जेवायलाही थांबले नव्हते. त्याने आईच्या हातून बाटली काढून घेतली आणि खांदा कॉलनीतलं बहिणीचं घर गाठलं.

दार प्रदीपनेच उघडलं. गणवेश पाहून त्याचं हसू उतरलं.

"दाजी, धनेश तुमी मारला?"

"हळू बोल. आईंना चालवत नाही, दिसत नाही का तुला? धनेशाच्या चरबीने सांधे मोकळे होतात म्हणतात. त्यांनीच गळ घातली. बंदूक मित्राची होती."

"झाड कोनी सांगितलं?"

"त्यांनीच. तूच त्यांना जेवताना सांगतोस ना, ओढ्याच्या वरचा बेहडा म्हणून?"

काशिरामने बाटली खिशात घातली. आतून त्याची बहीण भामा आली. "दादा, घरातली गोष्ट हाय. मिटव ना."

"आत पिल्लं उपाशी हायत, भामा," एवढंच तो म्हणाला आणि दाजींना घेऊन वनखात्याच्या कचेरीत गेला. जबाबात काशिरामने आईचंही नाव सांगितलं. त्या दिवसापासून आईने त्याला ताट वाढलं नाही. तो स्वतःच्या हाताने वाढून घेऊ लागला.

नवं मडकं घेऊन तो शुक्राकडे गेला. "चुकलो," म्हणाला. सोमीने मडकं घेतलं, पण आत ये म्हटलं नाही.

तिकडे मादीने लिंपण फोडलं होतं. पिसं झडलेली, धड उडताही येत नव्हतं, तरी फांदीफांदीने उंबरापर्यंत जाऊन ती चारा आणत होती. ढोलीत एकच पिल्लू जिवंत राहिलं होतं. काशिराम झाडापासून दूर, दगडाआड बसला. वाटेवर पाचोळा वाजला की तो दचकून उठायचा आणि कोण आलं ते पाहायचा, मग तो माणूस ओळखीचा असला तरी.