फाईलबापूंची शाल

लाभपाचमेच्या, म्हणजे दिवाळीनंतर धंदा पुन्हा उघडायच्या मुहूर्तावर हरिधाम गल्लीतल्या कारखानदारांनी कॉम्प्युटर चालू केले आणि एकेकाचं तोंड उतरलं. काळा पडदा, त्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ, पुढे काही नाही. दिवाळीभर बंद असलेली भरतकामाची मशीनं तेलपाणी होऊन तयार होती, कारागीर गावाहून परतले होते, साड्या ताणून लावल्या होत्या. पण कुठे कोणता टाका घालायचा हे मशीनला सांगणारी डिझाईनं त्या काळ्या पडद्याआड अडकली होती. वशरामकाकांनी तर ओट्यावर येऊन कपाळ बडवून घेतलं.

"लक्ष्मी रुसली रे! अख्ख्या गल्लीवर रुसली!"

मग पांढऱ्या गाडीतून निरंजनबापू आले. सुरतेतलं अख्खं वराछा त्यांना फाईलबापू म्हणतं. मेलेला कॉम्प्युटर मंत्राने उठवतात, हरवलेली फाईल ध्यान लावून परत आणतात, अशी त्यांची ख्याती. वशरामकाकांच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. खिडकीच्या गजांना लोक लटकले होते.

"काळा पडदा म्हणजे काय?" बापूंनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "अमावास्या! आणि हार्ड डिस्क गोल का फिरते? कारण ती सुदर्शन चक्र आहे! ज्याच्या मनात खोट, त्याचं चक्र थांबतं. माणसाला चौऱ्यांशी लक्ष योनी, तशा कॉम्प्युटरला चौऱ्यांशी लक्ष फायली. बोला, ओम् रिस्टार्टाय नमः!"

"नमः!" गर्दी गरजली.

बापूंचा चेला जेराम भगत धुपाटणं घेऊन सीपीयूला प्रदक्षिणा घालत होता. ती संपली, बापूंनी बटण दाबलं आणि पडद्यावर वशरामकाकांची अंबामाता झळकली. खाली सगळ्या फायली जागच्या जागी. काकांनी तिथेच लोटांगण घातलं, बायकांनी ओवाळणी टाकली, कोणीतरी नारळ फोडला आणि त्याचं पाणी थेट कीबोर्डवर उडालं.

मी दारातून म्हणाले, "बापू, माझा कॉम्प्युटर सकाळपासून झकास चाललाय. माझ्यावर का नाही रुसली लक्ष्मी?"

"जी कधी आलीच नाही, ती रुसून जाणार कुठून, बेन?"

गल्ली पोट धरून हसली. ते हसू मी पदराला गाठ मारून ठेवलं.

मी रसीला. भरतकामाची डिझाईनं काढते. हे काम मला माझ्या भावाने, मनहरने, शिकवलं. मनहर याच श्रावणात गेला. मागे बायको उजम, दोन मशीनं आणि एक कॉम्प्युटर, ज्यात त्याची आयुष्यभराची डिझाईनं. व्यापारी यायचे ते मनहरचे पोपट आणि वेली बघून. ती गेली तर उजमभाभीकडे नुसतं दोन खोल्या भरून लोखंड उरणार होतं. आणि तिचाही पडदा त्या दिवशी काळाच होता.

वशरामकाकांकडून वरात तिच्याकडे वळली. तेच मंत्र, तीच प्रदक्षिणा. बापूंनी बटण दाबलं. पडदा काळाच. बापूंनी डोळे मिटून लांब श्वास सोडला.

"उजमबेन, यात फाईल नाही अडकलेली. यात मनहरभाई अडकलेत."

भाभीने सीपीयूवर हात ठेवला.

"पोपटांचा पालव अर्धा राहिला ना त्यांचा? त्यातच जीव घोटाळतोय. ही डिस्क तापीमातेत सोडली तरच सुटका. उद्या आम्ही स्वतः घेऊन जाऊ."

"पण बापू, त्यांची सगळी डिझाईनं त्यातच आहेत. मी खाऊ काय?"

"डिझाईनं हवीत की नवऱ्याची मुक्ती? बोला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याला जाऊन पुरते चार महिने नाही झाले, तिला हा टोणगा असा प्रश्न विचारतो! भाभीने पदरात तोंड खुपसलं आणि होकारार्थी मान हलवली. मी तेव्हाच ठरवलं की या माणसाला नुसतं उघडं पाडायचं नाही, चारचौघांत जाळायचं.

गर्दी पांगली तशी मी डोकं चालवायला लागले. अर्ध्या राहिलेल्या पालवाचं, म्हणजे साडीच्या त्या पदराचं, बापूंना कोणी सांगितलं? ते आम्हा दोघींना ठाऊक होतं, आणि बड्या कारखान्याच्या गोरधन शेठला. शेठ त्या पालवासाठी मनहरच्या मागे हात धुऊन लागला होता, आणि मनहरने शेवटपर्यंत दिला नव्हता. शेठ बापूंचा थोरला भक्त. दुसरं म्हणजे माझाच कॉम्प्युटर कसा वाचला? दिवाळीला हिशोबाच्या चोपड्यांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा होते. यंदा जेराम भगत घरोघरी जाऊन ती फुकट करून देत होता. माझ्या दारातून मी त्याला हाकलला होता. गल्लीत आणि माझ्यात फरक एवढाच.

"भाभी, जेरामने पूजा कशी केली? नीट आठव."

"हार घातला, लाल कापड बांधलं. मग म्हणाला, यंत्राच्या पोटात श्री लिहितो. चालू करून बराच वेळ काहीबाही बटणं दाबत होता. का हो, रसीलाबेन?"

मी सीपीयू भिंतीपासून ओढला. सुकलेला झेंडू बाजूला केला, लाल कापडाची गाठ सोडली. मागे, माऊसच्या वायरीशेजारी, नखाएवढा एक पेनड्राईव्ह खोचलेला होता. वर लाल दोरा गुंडाळलेला, म्हणजे कोणी पाहिलाच तर ताईत वाटावा. मी तो उपटला आणि बटण दाबलं.

पडदा उजळला. चालू होतानाची ती ओळखीची धून वाजली. स्वयंपाकघराकडे गेलेली भाभी धावत आली.

"आले ते?"

मी तिला खुर्चीत बसवलं.

"कोणी आलं नाही गं, आणि काही गेलंही नव्हतं. हे बघ. कॉम्प्युटर उठला की आधी त्याला शोधावं लागतं, आपण चालायचं कशावर. जेरामने त्याला शिकवून ठेवलं की आधी मागच्या पेनड्राईव्हमध्ये बघ. तो रिकामा. मग बिचारा अडून बसतो. ती पांढरी ओळ शाप नाही, भाभी. त्यात लिहिलंय, चालू होण्याजोगं काही सापडलं नाही, दुसरी डिस्क लावा. एवढंच."

"आणि वशरामकाकांकडे?"

"प्रदक्षिणा घालताना जेरामने हळूच काढून घेतला. तुझ्याकडचा मुद्दाम ठेवला."

भाभीने पेनड्राईव्ह माझ्या हातून घेतला. स्वतः लावून बटण दाबलं, पडदा काळा. काढला, पडदा उजळ. पुन्हा लावला, पुन्हा काढला. मनहर गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर रडण्याऐवजी राग दिसला.

"आणि कॉम्प्युटर खरंच मेला असता तर?"

मी सीपीयूचं झाकण उघडून डिस्क बाहेर काढली, एका वायरीने माझ्या लॅपटॉपला जोडली. पालव, किनारी, बुट्ट्या, सगळं पडद्यावर. "घराचं दार अडकलं म्हणून आतली भांडी नाहीशी होतात का? दुसऱ्या दाराने जायचं. डिस्कच जळली असती तर गोष्ट वेगळी. म्हणून तर नक्कल काढून ठेवायची." सगळ्या फायलींची नक्कल होईस्तोवर आम्ही चहाबरोबर मठिया खाल्ले. शेवटी पोपटांचा पालव उघडला. भाभीने पडद्यावरच्या एका पोपटावरून बोट फिरवलं.

"बेन, या मेल्याला सोडायचं नाही."

"सोडतेय कोण?"

बापूला डिस्क हवी होती, आम्ही द्यायचं ठरवलं. मनहरची खरी डिस्क भाभीच्या कपाटात गेली. एका जुन्या डिस्कवर मी मनहरचाच पालव पूर्ण करून ठेवला, आणि त्याच्या वेलींखाली आणखी एक दोरा सोडला, चकाकता. पडद्यावर मी त्या दोऱ्याचा आणि कापडाचा रंग एकच ठेवला, त्यामुळे बघणाऱ्याला तो दिसत नव्हता. कापडावर मात्र चकाकता दोरा लपत नाही. जवळून नुसती झळाळी वाटते. लांबून, उजेडात, तो वाचता येतो.

दुसऱ्या दिवशी भाभीने ती डिस्क बापूंच्या हाती अशी काही हंबरडा फोडून दिली की मला तोंडात पदर कोंबावा लागला.

"माझ्या धन्याला जपून न्या हो, बापू! पाण्यात अलगद सोडा!"

"तापीमातेच्या कुशीत झोपवू," बापू म्हणाले आणि डिस्क झोळीत टाकली.

तापीमातेची कूस गोरधन शेठच्या कारखान्यात निघाली. आठवड्याच्या आत तिथली मशीनं रात्रंदिवस खडखडायला लागली. शेठचे कारागीर सगळे ओडिशाचे, गुजराती अक्षरं त्यांना वेलबुट्टीसारखीच. शेठला वाचता येत होतं, पण तो फक्त डझन मोजतो. लग्नसराईचा माल, घाई मोठी.

देवदिवाळीला, कार्तिकी पौर्णिमेला, बापूंची सभा भरली. मैदानभर दिवे, मागच्यांना दिसावं म्हणून मंचावर भला मोठा पडदा. कपाटातली खरी डिस्क परत बसवून, हार घातलेला सीपीयू घेऊन आम्ही दोघी पुढेच बसलो होतो. स्वयंसेवकांना सांगितलं, चरणी ठेवायला आणलाय. त्यांनी कौतुकाने जागा करून दिली.

गोरधन शेठ मंचावर चढला. "बापूंच्या कृपेने नवीन डिझाईन सुचलं. पहिला नग गुरूच्या अंगावर!" आणि मनहरच्या पोपटांची शाल त्याने बापूंच्या खांद्यांवर पांघरली. टाळ्या पडल्या. बापू आरतीसाठी देवाकडे वळले, म्हणजे त्यांची पाठ लोकांकडे झाली. दिव्यांचा झोत पाठीवर पडला, कॅमेऱ्याने ती मोठ्या पडद्यावर दाखवली.

सगळ्यात आधी वशरामकाका वाचायला लागले. चष्मा सावरत, मोठ्याने, एकेक अक्षर जोडत.

"मनहरचं... डिझाईन... बापूने..." ते थांबले. चष्मा पुसला. "चोरलं."

आरतीच्या घंटा एकेक करून थांबल्या. बापूंना कळेना काय झालं. ते गोल फिरले, तशी पाठ आणि अक्षरंही फिरली. मागे कोणीतरी फस्सकन हसलं.

भाभी मंचावर चढली. मी तिच्यामागे सीपीयू घेऊन.

"मनहर कुठाय, बापू?" तिने विचारलं. "तापीत, की शेठच्या मशीनवर?"

"ही कलीची माया आहे, बेटी..."

"बेटी म्हणू नका!"

मी मोठ्या पडद्याची वायर आमच्या सीपीयूला लावली. भाभीने तो लाल दोऱ्याचा पेनड्राईव्ह उंच धरून लोकांना दाखवला, खोचला आणि बटण दाबलं. पडदा काळा, वर तीच पांढरी ओळ. "ही तुमची अमावास्या!" तिने तो उपटला, बटण दाबलं. मैदानभर मनहरचे पोपट हिरवेगार झाले. "आणि हा तुमचा मंत्र! लोकहो, दिवाळीला हे तुमच्या घरात कोणी लावलं, विचारा जेराम भगताला."

जेराम मंचामागून सटकत होता. वशरामकाकांनी त्याची गचांडी धरली. त्याच्या झोळीतून गल्लीभरचे पेनड्राईव्ह खाली सांडले, प्रत्येकाला लाल दोरा.

बापूंनी घाईने शाल काढायला हात घातला. मी तो धरला.

"राहू द्या, बापू. थंडी आहे."

पोलिसांची गाडी येईपर्यंत कोणी ती काढू दिली नाही. गाडीत चढताना बापू पाठ लपवायला भिंतीला घासत चालले होते, आणि पोरंसोरं मोठ्याने वाचत होती. मला वाईट वाटलं का, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. नाही वाटलं. ज्याने एका विधवेला तिच्या मेलेल्या माणसाच्या नावाने लुटलं, त्याची मी आणखी दोन गल्ल्यांतून वरात काढली असती. गोरधन शेठला सगळ्या साड्या उसवायला घ्याव्या लागल्या, कारण तेच वाक्य प्रत्येक पालवावर होतं.

वशरामकाका दुसऱ्या दिवशी भाभीकडे आले. खाली मान घालून बसले.

"माफ कर, पोरी. मी त्याच्या पायावर डोकं ठेवलं. डोळ्यांनी पाहिलं ना मी, उठला कॉम्प्युटर!"

"उठला ते पाहिलंत, काका," भाभी म्हणाली. "झोपवला कोणी, ते नाही पाहिलं."

तेव्हा वाचकहो, एवढंच ध्यानात ठेवा. चमत्कार दिसला की टाळ्या वाजवायच्या आधी मागच्या बाजूला जाऊन बघा. यंत्राला राग येत नाही, लोभ नसतो, त्यात कोणाचा आत्मा अडकत नाही. ते अडलं तर कारण असतं, आणि कारण शोधता येतं. फायलींची नक्कल ठेवा. काळ्या पडद्यावरची ओळ वाचा, वाचता येत नसेल तर येणाऱ्याला विचारा. देवाला हात जोडायचे तर खुशाल जोडा, पण डोळे उघडे ठेवून.

भाभीने तो पालव अक्षरांशिवाय पुन्हा भरला. लग्नसराईत सगळ्यात जास्त तोच खपला.