एका मिनिटाचे एकशे बारा

तिने टेलरमास्तरांचं मनगट उलटं केलं, तीन बोटं टेकवली आणि नाडी शोधू लागली. नाडी काही सापडेना.

"सकाळी तर होती बुवा," मास्तर उशीवरून म्हणाले.

एरवी ती हसली असती. पण पलंगाच्या पायथ्याशी मॅडम नाडीच्या परीक्षेचा कागद घेऊन उभ्या होत्या. नर्सिंगच्या पहिल्या वर्षातल्या सगळ्या पोरींच्या कागदांवर त्यांच्या सह्या झाल्या होत्या, हिचाच तेवढा कोरा होता. दोन वेळा ती नापास झाली होती. आज तिसरी खेप. चुकली की वर्ष वाया, आणि मॅडम कुणाला चौथी संधी देत नसत.

"चाळीस वर्षं लोकांच्या मनगटांची मापं घेतली," मास्तर सांगू लागले, "पण माझं कुणी..."

"मास्तर, जरा गप्प राहता का?" मॅडम म्हणाल्या.

तिने बोटं सरकवली, दाबली, पुन्हा सरकवली. शेवटी अंगठा रोवला आणि ठोके लागले, एकदम स्वच्छ. जीव भांड्यात पडला. घड्याळाकडे बघत तिने पूर्ण मिनिट मोजलं आणि तक्त्यावर आकडा लिहिला: एकशे बारा.

मॅडमनी तक्ता पाहिला. मग मास्तरांचा हात हातात घेतला, अगदी सहज, आणि मिनिटभर उभ्या राहिल्या.

"अडुसष्ट."

तिने चटकन आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"अंगठा लावलास ना? पहिल्याच दिवशी काय शिकवलं होतं?"

"अंगठ्याला स्वतःची नाडी असते," ती पुटपुटली. "आपली आपल्यालाच लागते."

"मग? हे एकशे बारा कुणाचे?"

तिने अंगठा मुठीत लपवला. बोलायची सवयच मोडली होती. होस्टेलच्या खोलीतली दुसरी मुलगी दोन आठवड्यांत कॉलेज सोडून गेली. तिच्या रिकाम्या गादीवर ही आपले धुतलेले कपडे पसरून ठेवायची, खोली भरलेली दिसावी म्हणून. बाकीच्या पोरींचे घोळके कधीच जमून गेले होते. त्या हिला 'मौनीबाई' म्हणत आणि जेवताना दुसऱ्या टेबलावर बसत. आई रोज सकाळी फोनवर विचारायची, "कशी आहेस गं?" ही म्हणायची, "मस्त!" तो एक शब्द सोडला तर दिवसाकाठी तिचं जे काही बोलणं व्हायचं ते पेशंटशी, तेही ताप नि औषधांपुरतं.

मॅडमनी कागद घडी घालून खिशात टाकला. झालं, तिला वाटलं, घरी आता काय तोंड दाखवायचं?

"हात दे."

"मॅडम?"

"हात दे म्हणते ना."

तिने हात पुढे केला. मॅडमनी तीन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे पाहिलं. त्यांची बोटं कोरडी, उबदार होती. तिच्या ध्यानात आलं, घर सोडल्यापासून कुणी आपला हातच धरला नव्हता. ती रोज वीस-वीस जणांची मनगटं धरत होती, ते वेगळं. डोळे भरून आले, तसं तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. एवढे बडबडे मास्तर, त्यांनीही डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

मिनिट सरलं.

"एकशे बारा," मॅडम हळू म्हणाल्या. "मोजणी चोख आहे तुझी. माणूस चुकलं." मग जरा थांबून, "उद्या आठ वाजता ये. आजचा कागद मी पाहिलेला नाही."

तिने मान हलवली. मॅडम बोटं काढून घेऊ लागल्या.

"मॅडम..."

"काय गं?"

"अजून एक मिनिट मोजता?"

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. मग मनगट नीट धरलं आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली. या वेळी घड्याळाकडे बघायचं मात्र त्या विसरल्या.